रक्त न निघालेली जखम

आमच्या घरात जखमेचं एक माप होतं. रक्त निघालं तर लागलं, नाही निघालं तर नाही लागलं. हे माप माझ्या बायकोनं माहेराहून आणलेलं. तिचं माहेर वरवट बकालचं. तिकडे सातपुडा जवळ, जंगल जवळ, आणि लहानपणापासून पायात काटा मोडणं रोजचंच. त्या भागात बिब्ब्याची झाडं आहेत. सासूबाई दरवर्षी दिवाळीला फराळासोबत बिब्ब्यांची एक पुरचुंडी पाठवत, आणि ती पुरचुंडी आमच्या अमडापूरच्या घरी देवळीत, काडेपेटीच्या शेजारी ठेवलेली असे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बिब्बा म्हणजे सुपारीहून लहान, काळं, चपटं फळ. ते सुईला टोचून दिव्यावर धरलं की चरचरतं आणि त्यातून काळं तेल सुटतं. काटा काढून झाला की त्या जागी हे कढत तेल एक थेंब सोडायचं. झोंबतं, पण ठणका बसतो आणि जागा वरून पक्की बंद होते. काळा ठिपका महिनाभर राहतो. माझ्या बायकोचा हात या कामात इतका हलका होता की गल्लीतली माणसं दवाखान्यात जाण्याआधी आमच्या पायरीवर येऊन पाय पुढे करत. पन्नाशीचा गडीसुद्धा तिच्यासमोर ओठ चावून बसे. ती सुई फिरवत बोलत राही, "पाय ढिला सोड. काऊन आखडतं? लग्नातबी असाच आखडून बसला होता काय?" पायवाला हसला की तेवढ्यात काटा बाहेर.

माझं स्वतःचं काम मोजण्याचं. मी कालव्यावर मोजणीदार आहे. धरणातून पाणी किती सुटलं, पाटात किती उंचीनं वाहतं आहे, शेवटच्या चारीपर्यंत किती पोचलं, हे पट्टीवर वाचायचं आणि वर कळवायचं. लोखंडी दरवाजे, गंजलेले रॉड, काटेरी तार यांच्याशी रोज संबंध असल्यामुळे मला धनुर्वाताची सुई वेळच्या वेळी मिळत आली. बायकोला ती शेवटची मिळाली ती आमची मुलगी पोटात असताना. मुलगी आता पुण्याला नोकरी करते. मध्यंतरी करोनाच्या लसी घ्यायला बायको गल्लीतल्या बायकांना घेऊन रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी राहिली होती, आणि त्यानंतर तिचा असा समज झाला होता की आता आपल्याला सगळ्याच सुया देऊन झाल्या.

जानेवारीत तूर कापून झाली होती. तूर विळ्यानं तिरपी कापतात, त्यामुळे मागे राहिलेला खुंट टोक काढलेल्या पेन्सिलीसारखा असतो. वाळला की खिळाच. बायको शेजारणीसोबत वावरात सांडलेल्या शेंगा वेचायला गेली होती. तो सरवा वेचायची तिला हौस, घरात डाळीचा डबा भरलेला असला तरी. एक खुंट रबरी चपलेच्या तळातून आरपार पायात गेला. तिनं पाय उचलला, चप्पल ओढून काढली, तळवा लुगड्याच्या काठाला पुसला आणि पुन्हा वेचायला लागली. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ती एक पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन दिव्यासमोर बसली होती. घरात बिब्ब्याचा जळका वास होता.

मी विचारलं काय झालं. ती म्हणाली, "खुट टोचला. काई नाई. रक्तबी नाई निघालं."

मी हातपाय धुतले आणि जेवायला बसलो. तिच्या शब्दावर शंका घ्यावी असं काही नव्हतं. तिनं शेकडो पाय पाहिले होते आणि त्यांतला एकही बिघडला नव्हता.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ती भाकरीचा तुकडा मोडून तोंडाशी नेऊन थांबली. तुकडा परत ताटात ठेवला, त्याचा आणखी लहान तुकडा केला, तो दातांच्या फटीतून आत सरकवला. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर म्हणाली, "अक्कलदाढ येऊन राह्यली वाटते. आता येते म्हणजे पाहा, केवढा उशीर." आम्ही दोघंही हसलो. तिचं हसणं बंद दातांमागून आलं.

दुसऱ्या दिवशी ती बोलत होती, पण ओठ हलत होते आणि जबडा हलत नव्हता. मान आखडली होती. शेजारीण मला म्हणाली, "भाऊजी, चार दिवस तुमच्या कानाले सुटी." बायकोनं तिच्याकडे डोळे वटारले, पण उत्तर दिलं नाही. माझ्या बायकोनं टोमण्याला उत्तर दिलं नाही असं मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं. मी रजा टाकली आणि तिला चिखलीला दातांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिला त्या आडव्या खुर्चीवर झोपवलं, तोंड उघडायला सांगितलं. ते जेमतेम काडी जाईल एवढं उघडलं. त्यांनी लाकडी चपटी काडी आत घालून घशाला हलकेच लावली. घशाला काही लागलं की माणसाला उमासा येतो आणि तोंड उघडतं. तिचं उलट झालं. दात काडीवर कचकन मिटले आणि सुटेनात. डॉक्टरांनी काडी ओढली नाही. दात आपोआप सैल होईपर्यंत तसेच हात धरून उभे राहिले. मग त्यांनी दातांविषयी काहीही न बोलता विचारलं, "ताई, हाताला-पायाला कुठे लागलं होतं का इतक्यात?"

तिनं मान हलवायचा प्रयत्न केला. "नाई."

"खरचटलं, भाजलं, काही टोचलं?"

"लागलं नाई काई," ती दातांतून म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या मापानं तिला खरंच लागलं नव्हतं. पण ती खुर्ची अशी होती की तिचे तळवे माझ्या डोळ्यांसमोर आले होते, आणि डाव्या तळव्यावर मधोमध बिब्ब्याचा काळा ठिपका होता. मी म्हणालो, साहेब, हे पाहा. खुंट गेला होता, तुरीचा. त्यांनी वाकून पाहिलं, भोवती बोटानं दाबलं, किती दिवस झाले ते विचारलं. मग मला बाहेर घेऊन गेले आणि हळू आवाजात सांगितलं की हा बहुतेक धनुर्वात आहे, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. त्यांनी स्वतः फोन करून गाडी मागवली. पैसे घेतले नाहीत. गाडी आली तेव्हा चालकाच्या खिडकीशी जाऊन म्हणाले, भोंगा लावू नका, हॉर्नही शक्यतो नको, आणि खड्डे बघून चालवा.

पण आमचा रस्ता तो आमचाच रस्ता. पहिला मोठा खड्डा आला आणि तिचं अंग धनुष्यासारखं वर उचललं गेलं. डोकं आणि टाचा तेवढ्या खाली टेकलेल्या. या आजाराला हे नाव कुणी आणि का दिलं ते मला त्या क्षणी कळलं. चेहऱ्यावर एक हसू ताणलेलं होतं, ते तिचं नव्हतं. डोळे मात्र तिचेच होते. ते माझ्याकडे पाहत होते आणि त्यांत पूर्ण शुद्ध होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आमच्या मुलीहून चार-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी आधी काम केलं. जखम उघडून धुतली, सुया दिल्या, सलाइन लावलं. आतून निघालेला तुकडा मी मागून घेऊन पाहिला. तुरीच्या खुंटाचं टोक, सात मिलिमीटर. एवढंसं. ते वर बिब्ब्याच्या झाकणाखाली, हवेपासून लांब, सुखरूप बसलं होतं.

मग त्या माझ्याशी बोलल्या. मी विचारत गेलो आणि त्यांनी एकाही प्रश्नाचा कंटाळा केला नाही. हे जंतू मातीत सगळीकडे असतात, शेणात असतात, गोठ्यात असतात. पण तिथे ते बीज होऊन पडलेले असतात. भिंगाखाली ते कसे दिसतात हे सांगताना त्या म्हणाल्या, ज्वारीचं बारीक धाट असावं आणि टोकाला एकच दाणा धरावा, तसे. धाट मरतं, दाणा राहतो. ऊन लागो, पाणी सुको, उकळत्या पाण्यात पडो, दाण्याला काही होत नाही. वर्षानुवर्षं तो वाट पाहतो.

"कशाची वाट?" मी विचारलं.

"आपलं बियाणं ओलीची वाट पाहतं. हे हवा नसलेल्या जागेची. बारीक तोंडाची खोल जखम त्याला सगळ्यात आवडते. मोठी जखम वाहते, धुतली जाते, हवा लागते. रक्त न आलेली जखम जास्त वाईट."

आमच्या घरातलं माप असं एका वाक्यात उलटं झालं.

जंतू स्वतः पायाच्या पुढे जात नाहीत, त्या म्हणाल्या. ते तिथेच उगवतात आणि एक विष सोडतात. ते विष शिरांतून चढत पाठीच्या कण्यापर्यंत जातं. आपल्या प्रत्येक स्नायूला दोन हुकूम मिळत असतात, एक आखडण्याचा आणि एक सैल होण्याचा. हे विष सैल होण्याचा हुकूम बंद करतं. मला ते माझ्या भाषेत लगेच समजलं. दरवाजा उघडायची कळ शाबूत आहे, बंद करायची मोडली. मग वर कुणी नुसतं बोट लावलं तरी पाणी धो-धो सुटणार. आवाज, उजेड, स्पर्श, काहीही ती कळ दाबतं.

मी विचारलं, हे विष किती असतं? त्या म्हणाल्या, मिठाच्या एका कणाएवढं घेतलं तर कित्येक माणसांना पुरेल. तुमच्या बायकोच्या अंगात त्याचाही किती बारीक अंश असेल. मी आयुष्यभर लाखो लिटरचे हिशेब केले. या आकड्यानं मला जेवढी भीती वाटली तेवढी पुराच्या पाण्यानंही कधी वाटली नव्हती.

"मग ते आता काढता येत नाही?"

"जे रक्तात सुटं आहे ते दिलेल्या सुईनं पकडलं जातं. जे शिरेला चिकटलं ते चिकटलं. ते शरीरानंच नवीन तंतू काढून भरून काढायचं. तोपर्यंत तिचा श्वास चालू ठेवणं हे आमचं काम." मग म्हणाल्या, "अजून वाढेल. घाबरू नका असं मी म्हणणार नाही. छातीचे स्नायू धरले तर गळ्याला भोक पाडून मशीनवर घ्यावं लागेल."

बिछान्याजवळ हिरव्या कापडाखाली एक ट्रे ठेवला होता. त्यात त्या भोकासाठी लागणारं सामान होतं, हे मला सिस्टरनी सांगितलं. पुढचे दिवस त्या खोलीत मी सगळ्यात जास्त वेळ ज्या वस्तूकडे पाहिलं ती हीच. कापड हललेलं नाही ना, एवढंच मी येता-जाता बघत असे.

खोली वॉर्डाच्या टोकाला होती. खिडकीला काळं कापड. दाराच्या बिजागरीला तेल. आत एका वेळी एकच माणूस, चपला बाहेर, मोबाइल बाहेर. सिस्टर सगळी कामं एकदमच उरकत, म्हणजे तिला वारंवार हात लावावा लागू नये. मलाही सांगितलं होतं, हात धरू नका. मायेनं धरला तरी झटका येतो. मी तिच्यापासून दोन हात अंतरावर स्टुलावर बसे. एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही भांडून अबोला धरला तरी इतक्या अंतरावर बसलो नव्हतो.

बांगड्यांचा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. हातात सहा-सहा हिरव्या काचेच्या बांगड्या. झटका आला की त्या एकमेकींवर आपटत, त्या आवाजानं पुढचा झटका येई. सिस्टर म्हणाल्या, सगळ्या काढा. सासूबाई तोवर वरवट बकालहून येऊन पोचल्या होत्या. त्या दारातच उभ्या राहून मला म्हणाल्या, "जवाईबापू, काई करा, पण माह्या पोरीचे हात कोरे करू नोका." सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याही हातात घड्याळाच्या मागे एक बारीक बांगडी होती. त्यांनी प्रत्येक हातातली एक-एक ठेवून बाकीच्या साबणाचं पाणी लावून उतरवल्या आणि राहिलेल्या बांगडीला गुंडाळायला मला जाळीच्या पट्टीची गुंडाळी दिली. झोपेचं औषध चढल्यावर मी ती पट्टी बांगडीभोवती गुंडाळली, मनगटाला बोट लागू न देता. एक वेढा, मग अर्धा सरकवून दुसरा. काचेचा हिरवा रंग पूर्ण दिसेनासा होईपर्यंत. लग्नात मी तिच्या हातात काकण बांधलं होतं तेव्हा माझी बोटं थरथरली होती म्हणून तिनं मला पुढे कितीतरी वर्षं चिडवलं. या वेळी थरथरून चालणार नव्हतं.

पहिला आठवडा डॉक्टरीणबाईंनी सांगितला तसाच गेला, वाढत गेला. कुणी शिंकलं तरी अंग वर उचललं जाई. नाकातल्या नळीतून दूध आणि डाळीचं पाणी. ती बोलू शकत नव्हती आणि तिला सगळं कळत होतं. या आजारात मन स्वच्छ राहतं, ही त्यातली मोठी शिक्षा. मुलगी पुण्याहून आली. आत जाऊन अर्धा तास बसली आणि बाहेर येऊन व्हरांड्याच्या टोकाला जाऊन रडली. तेवढं लांब जाण्याइतकं भान तिला होतं, याचं मला त्या वेळीही कौतुक वाटलं. आमचं घर मोठ्यानं बोलणाऱ्यांचं. आमच्या घरात मीठ मागितलं तर शेजारी मीठ घेऊन येतात. तेच मी, मुलगी आणि सासूबाई महिनाभर ओठांच्या हालचालीवर बोललो.

सासूबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसत. एके दिवशी मी बाहेर आलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "माह्या बिब्ब्यानं केलं काय हे?"

मला आकड्यांत खोटं बोलता येत नाही आणि शब्दांतही फारसं नाही. मी खाली त्यांच्या शेजारी बसलो. सांगितलं की बिब्ब्यात हे जंतू नव्हते, ते खुंटाबरोबर मातीतून आले. एवढ्यावर मला थांबता आलं असतं आणि त्यांनाही ते पुरलं असतं. पण त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी म्हणालो, पण आई, बिब्ब्यानं वरून झाकण बसलं. आत काडी राहिली होती.

त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. मग म्हणाल्या, "मंग काडी पाहाले पाह्यजे होती. मी तिले शिकवलं होतं, काडी पूर्ण निघाल्याबिगर बिब्बा भरू नोको म्हणून. पण सोताच्या तळव्यातलं सोताले दिसते थोडंच. लोकायचे पाय तिनं पाह्यले. तिचा पाय पाहाले कोनी नव्हतं."

त्या मला दोष देत नव्हत्या. त्या नुसती रिकामी जागा दाखवत होत्या.

मग एका सकाळी डॉक्टरीणबाई खिशातून कागदी पट्टी काढून तिच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजत होत्या. हे त्या रोज करत, पण त्या दिवशी त्यांनी मला पट्टी दाखवली. आठ मिलिमीटर. आदल्या दिवशी पाच होतं. मी त्यांना म्हणालो, मॅडम, पट्टी शून्याच्या आधी थोडी कोरी आहे, ती धरली नाही ना? त्यांनी पुन्हा मोजलं. आठच. त्या गालात हसल्या. त्यानंतर त्या मोजून झालं की मलाही पट्टी वाचायला देत.

बाहेर सासूबाईंनी विचारलं, "किती?"

"आठ."

"आठ म्हणजे केवढं?"

मी बोट आणि अंगठा धरून दाखवलं. त्यांनी ते अंतर डोळ्यांजवळ आणून पाहिलं. "दोन पोळ्या जातीन," त्या म्हणाल्या. पुढे बारा झालं, तेव्हा त्या म्हणाल्या जाड भाकर. मग एक बोट. आम्ही दोघं रोज त्या अंतरातून तिला काहीतरी भरवत होतो, ती मात्र अजून नळीवरच होती. झटके कमी झाले, मग लांबले, मग कुणी शिंकलं तरी नुसत्या खांद्यापर्यंत येऊन थांबायला लागले. एका दुपारी मी आत गेलो आणि बिछान्याजवळचा हिरव्या कापडाखालचा ट्रे तिथे नव्हता. मी बाहेर जाऊन दोन कप चहा आणला, एक सासूबाईंना दिला.

हात धरायची परवानगी मिळाली तेव्हा पहिली पाळी मी सासूबाईंना दिली.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता हिला धनुर्वाताची लस सुरू करायची, पूर्ण. बायको तोवर दीड बोटाच्या फटीतून बोलायला लागली होती. मी म्हणालो, देवी-गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा येत नाही ना, तसं नाही का? त्या म्हणाल्या, नाही. विष इतकं थोडं असतं की शरीराला त्याची ओळखच होत नाही. माणूस मरायला टेकतो, पण शरीर काही शिकत नाही.

बायको कॉटवर बसली होती. ती म्हणाली, "म्हंजे एवढं भोगलं ते फुकटच गेलं काय?"

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात धरला, पण हसू आवरलं नाही. तिनं जराही न कचरता सुईसाठी दंड पुढे केला.

घरी आलो त्याआधी मी तयारी करून ठेवली होती. फाटकाच्या कडीला तेल दिलं, चिंधी बांधली. मांडणीवरच्या ताटांमध्ये जुन्या कापडाचे तुकडे घातले. कुकर बंद, वरण उघड्या पातेल्यात. टीव्ही बंद. गल्लीनं स्वतःहून लग्नाचा बँड मागच्या रस्त्यानं वळवला. मुलगी नोकरीवर पुण्याला परतली होती. सासूबाई स्वैपाक करत आणि मी कालव्यावरून लवकर परतत असे. सांधे दुखत होते, पाठ दुखत होती. रोज संध्याकाळी मी पट्टी घेऊन तिच्यासमोर बसे. ती आ करी. पंचवीस. सव्वीस. सव्वीस. एके दिवशी ती म्हणाली, "मी काय पाट हाय, रोज मोजता ते?" पण दुसऱ्या दिवशी मी विसरलो, तर तिनंच पट्टी आणून माझ्या मांडीवर टाकली.

एकदा गल्लीतला एक जण लंगडत आला आणि पायरीवर बसून सवयीनं पाय पुढे केला. मग त्याला आठवलं आणि तो उठायला लागला. बायकोनं त्याला हातानं खाली बसवलं. पाय उजेडात धरून तिनं बाभळीचा काटा काढला, दोनदा पाहिला, टोक शाबूत आहे का ते मलाही दाखवलं. मग नळाखाली त्याचा पाय साबणानं धुवून घेतला. देवळीत पुरचुंडी होती. तिनं तिकडे पाहिलं आणि हात आवरता घेतला. "आता उठ. गाडी काढ अन् सरकारी दवाखान्यात जाय. सुई घे," ती म्हणाली. तो म्हणाला, वहिनी, रक्त तर नाही निघालं. ती म्हणाली, "म्हणूनच जाय."

ती पुरचुंडी सासूबाईंनी जाताना परत नेली नाही. बायकोनं टाकली नाही. भेगांना लागते म्हणाली. तिथेच आहे.

आणि त्या काट्यानंतर थोड्याच दिवसांत ताटं पडली, सासूबाई अजून आमच्याकडेच होत्या. रविवार होता. मी मांडणीवरून ताट घेत होतो. खालचं कापड सरकलं आणि तीन ताटं एकदम फरशीवर पडली. एक तर कडेवर उभं राहून गरगरत ओसरीपर्यंत गेलं आणि तिथे बराच वेळ घुमत बसलं. मी ताटाकडे पाहिलं नाही. मी तिच्या पाठीकडे पाहत होतो. ती उंबऱ्याजवळ गहू निवडत बसली होती. सासूबाई चुलीपाशी हात तसाच हवेत धरून थांबल्या होत्या. ताटाचं घुमणं संपेपर्यंत आम्ही तिघंही हललो नाही.

तिची पाठ होती तशीच होती. बसलेल्या माणसाची, जरा पोक आलेली.

तिनं हळूच मान वळवली. आधी आपल्या खांद्याकडे पाहिलं, जसा तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग माझ्याकडे.

"काई नाई झालं," ती म्हणाली.

मी ताट उचलायला वाकलो.

"राहू द्या. अजून एकडाव टाका."

मी म्हणालो, उगाच कशाला. तिनं स्वतःच उठून ताट घेतलं, छातीच्या उंचीवर धरलं आणि सोडलं. पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. तिसऱ्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "पुरे व माय, चेंबलं ते." आणि ती हसायला लागली, तोंड पूर्ण उघडून, दाढांपर्यंत. पट्टी समोरच्या कोनाड्यात होती. मी ती घ्यायला गेलो नाही.

शेजारीण भिंतीपलीकडून ओरडून विचारत होती, काय पडलं, काय पडलं. बायकोनं तिथूनच तिला उत्तर दिलं, आणि ते अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.